तालमीत न बोललेलं वाक्य

हँडबिलाची शाई अजून ओली होती. हमीदभाईंच्या छापखान्यात उभी राहून मी पहिल्या प्रतीवरची नावं तपासत होते. 'प्रमुख भूमिका : मंगलाबाई'. सगळ्यांत वर, मोठ्या टाइपात. तेवढ्यात टेलिफोन वाजला. हमीदभाईंनी तो घेतला, ऐकला आणि यंत्र थांबवलं. लहानपणापासून मी त्या छापखान्यात जाते. चालू काम त्यांनी अर्ध्यावर थांबवलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"बेटा, डॉक्टरसाब के घर से था," ते म्हणाले. "मंगलाबाई..."

"सांगा, येतेय म्हणावं. आज तालीम लवकर लावलीय, माहीत आहे मला."

त्यांनी माझ्या हातातलं हँडबिल हळूच काढून घेतलं आणि पालथं ठेवलं. तेव्हा मला कळलं. कळलं, म्हणजे शब्द कळले. आदल्या संध्याकाळी ज्या बाईनं व्हरांड्यात उभं राहून आमच्या नाटकातल्या दिगंबरला फौजदारासारखं चालायला शिकवलं होतं, ती सकाळी आरशासमोर केस विंचरता विंचरता खाली बसली आणि उठलीच नाही, हे आज इतक्या आठवड्यांनंतरही मला पटत नाही.

दुसऱ्या दिवशी याच शहरातल्या एका दैनिकात बातमी आली. एक ओळ. 'शहरातील ज्येष्ठ डॉक्टरांच्या अमेरिकन पत्नीचे निधन.' नाव नाही. काम नाही. जिनं दोन देशांत मिळून आयुष्य काढलं, तिची ओळख म्हणजे नवऱ्याचा व्यवसाय आणि जन्माचा देश! मी चिडून हा लेख लिहायला बसले, हे लपवत नाही.

तर, नाव. मार्गारेट. न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरची नटी, पुढं काही सिनेमांतही. शिकायला तिकडं गेलेले आमचे वसंतराव डॉक्टर एका नाटकाला सर्वांत स्वस्त, सर्वांत उंच जागेवर बसले होते. तिथून तिचा चेहरा दिसत नव्हता, पण प्रत्येक शब्द ऐकू येत होता, एवढंच ते सांगायचे. हैदराबादच्या पोलीस ॲक्शननंतर काही वर्षांनी दोघं औरंगाबादला आले आणि उस्मानपुऱ्यात घर केलं. डॉक्टरांच्या आई पैठणकडच्या शेतकरी घरातल्या. सून घरात आली की तिचं नाव बदलायचं, मग ती कुठली का असेना! त्यांनी मार्गारेटची मंगल केली आणि चुलीपुढं बसवलं. मराठी तिथंच शिकवली. त्यामुळं आमच्या काकू जन्मभर सासूबाईंची मराठी बोलल्या... लई, व्हय, नाय. आमच्या नाटकाच्या संचातल्या पुस्तकी बोलणाऱ्या मुली त्यांच्यापुढं पाहुण्या वाटायच्या.

छावणीतल्या टॉकीजला एकदा त्यांचा एक जुना सिनेमा आला होता. मी फार लहान होते, पण ती दुपार स्वच्छ आठवते. अख्खी गल्ली टांगे करून गेली. सिनेमाभर आम्ही काकूंना शोधत होतो. शेवटी त्या आल्या. दार उघडून आत आल्या, नायकाच्या एक सणसणीत ठेवून दिली आणि निघून गेल्या. भाषा कुणालाच कळत नव्हती. पण अंधारात सासूबाई उठून उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "बरं केलंस गं मंगल! लई माजला व्हता!" अख्खं थिएटर हसलं. शेजारी बसलेल्या काकूंनी पदर तोंडात कोंबला होता. त्यांचे खांदे हलत होते. त्या हसत होत्या असं तेव्हा मला वाटलं.

नवऱ्यावरच्या प्रेमापायी बाईनं नाटक सोडलं, ही कथा शहरात सगळ्यांना पाठ होती. हळदीकुंकवाला बायका ती कौतुकानं सांगायच्या. मला ती कधीच आवडली नाही. माझे वडील निजामाच्या राजवटीत गावोगाव चोरून पत्रकं वाटत. मी अक्षरं शिकले तीच उरलेल्या गठ्ठ्यांवरून. बाईनं घरासाठी काम सोडावं आणि लोकांनी टाळ्या वाजवाव्यात, याचा मला संताप यायचा. एकदा काकूंना तोंडावर विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "लोकं म्हणतेत ते बरं हाय. ऱ्हाऊ दे." आणि गवारीच्या शेंगा मोडत राहिल्या.

गेल्या वर्षी मी नाटक लिहिलं. वडिलांना आणि त्यांच्या साथीदारांना एका म्हातारीनं कडब्याच्या गंजीत लपवलं होतं. फौजदार आला, दरडावलं, घर उलथंपालथं केलं, एकच विचारत राहिला : कोण कोण होतं? तिनं सांगितलं नाही. वडील ही गोष्ट सांगताना तिचं नाव सांगू शकत नसत. त्यांनाही ते माहीत नव्हतं. मला त्या बिननावाच्या बाईला रंगमंचावर आणायचं होतं. पण म्हातारीचं काम करणारी मुलगी ऐनवेळी गळली. सासरच्यांनी बंद केलं. तेव्हा जिच्या व्हरांड्यात आम्ही तालमी करायचो ती, आम्हाला उघड्या मैदानात आवाज कसा फेकायचा ते शिकवणारी बाई म्हणाली, "म्या करते की."

फौजदाराचं काम करणारा दिगंबर गडबडला. "काकू, तुम्ही गोऱ्यापान. गावाकडची म्हातारी म्हणून लोक हसतील."

"हसू दे. दोन मिन्टं हसतील. मग मी त्यांच्याकडं बघंल."

"मग?"

"मग तू हसून दाखव," असं म्हणून त्यांनी दिगंबरकडं नुसतं पाहिलं. तो हसला नाही.

माझं आणि त्यांचं भांडण झालं ते शेवटावरून. फौजदाराच्या प्रश्नावर म्हातारीनं दोन पानांचं भाषण करावं असं मी लिहिलं होतं. त्यात जुलूम होता, क्रांती होती, उद्याचा सूर्य होता. काकूंनी पान वाचलं, चष्मा काढला.

"पत्रक लई झ्याक हाय. आता बाईला बोलू दे."

"बाईच बोलतेय काकू!"

"नाय. तुजा बाप बोलतोय. जिला सांगायचं नसतं ती एवढं बोलत नाय, पोरी."

मी दोन दिवस तालमीला गेले नाही. मग गेले, आणि दोन पानांच्या जागी दोन शब्द लिहिले : 'नाय सांगणार.' त्या कागदाकडं काकू बराच वेळ पाहत राहिल्या. मला वाटलं, जिंकल्याचा आनंद झाला असेल.

आणि ते दोन शब्द त्यांनी तालमीत एकदाही उच्चारले नाहीत. त्यांच्याकडच्या रंगभूमीवरची जुनी माणसं पाळतात म्हणे : नाटकाचं शेवटचं वाक्य तालमीत बोलायचं नाही. समोर माणसं बसल्याशिवाय नाटक पुरं करायचं नाही. मी चवताळून म्हणाले, ही शुद्ध अंधश्रद्धा आहे. "व्हय," त्या म्हणाल्या, "आन तू नारळ फोडतीस ते काय विज्ञान हाय?" त्यामुळं रोज तालीम एकाच ठिकाणी तुटायची. दिगंबर शेवटचं गरजायचा, "बोल म्हातारे, कोण कोण होतं?" काकू मान वर करायच्या. त्याच्याकडं बघायच्या. आम्ही सगळे श्वास धरायचो... आणि त्या टाळी वाजवून म्हणायच्या, "चला, चहा!"

शेवटच्या संध्याकाळीही तेच. खेळ दोन दिवसांवर आला होता. दिगंबर काकुळतीला आला, "काकू, एकदा तरी म्हणा. तुम्ही कसं म्हणता त्यावर मी कसं जायचं ते ठरणार. चिडून जाऊ का घाबरून?"

"परवा कळंल," काकू म्हणाल्या.

मला निघताना त्यांनी फाटकापाशी पुन्हा हाक मारली. मी वळले. "काय नाय, जा," म्हणाल्या. ते काय होतं, कोण जाणे.

तेराव्यानंतर डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं. व्हरांड्यात सतरंजी घातलेली, म्हातारीचं लुगडं खुर्चीवर घडी करून ठेवलेलं. डॉक्टर म्हणाले, "ते शेवटचं वाक्य ती कसं म्हणायची, मला एकदा कुणीतरी म्हणून दाखवाल? मी घरी पुष्कळ विनवलं. म्हणाली, तिकीट काढून या."

आमच्यापैकी कुणीही ते ऐकलेलं नव्हतं. एवढ्या तालमी, एवढी माणसं, आणि ते दोन शब्द कुणाच्याच कानात नाहीत! मी तसं सांगितलं. डॉक्टरांनी मान खाली घातली. मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे.

"तिनं माझ्यासाठी नाटक सोडलं नाही. तिकडं त्या वर्षांत कलावंतांना चौकशीला बोलवायचे. कम्युनिस्टांच्या सभेला कोण कोण येतं, विचारायचे. तिलाही बोलावलं. नावं दिली तर काम चालू राहणार होतं. ती गप्प बसली. त्यानंतर एकाही नाटकमंडळीनं तिला दारात उभं केलं नाही. छावणीत तिचा सिनेमा लागला होता ना, तो तिचा शेवटचा. त्या दिवशी घरी येऊन खूप रडली."

माझ्या कानात एकच वाक्य वाजत होतं. जिला सांगायचं नसतं ती एवढं बोलत नाय, पोरी.

"मी तिला म्हणालो, लिहिणाऱ्या पोरीला हे सांग. तर म्हणाली, नाय. तिच्या बापाच्या म्हातारीचं नाटक हाय ते. माझं व्हायला नको."

मी माझ्या वडिलांच्या म्हातारीचं नाटक लिहीत होते, आणि ती म्हातारी रोज मला चहा देत होती. ज्या बाईनं एकदा बंद दाराआड गप्प बसून सगळं गमावलं, तिला तेच पुन्हा एकदा, या खेपेला भरल्या मैदानासमोर, आवाज चढवून म्हणायचं होतं. तेवढंच हवं होतं तिला. आणि दोन दिवस कमी पडले. कुणाला जाब विचारू? पत्रकं लिहायची माझी सवय. पण याविरुद्ध पत्रक कुठं चिकटवायचं असतं?

खेळ आम्ही करणार आहोत. म्हातारी मी करते आहे. तालमी काकूंच्याच व्हरांड्यात होतात, डॉक्टरांचा तसा हट्ट आहे. परवा पहिल्यांदा नाटक शेवटापर्यंत नेलं. दिगंबर पुढं आला आणि गरजला, "बोल म्हातारे, कोण कोण होतं?" मी मान वर केली. दोन शब्द जिभेवर होते. बोलायला तोंड उघडलं, आणि बोलवेना. दिगंबर वाट बघत उभा राहिला. सगळेच उभे राहिले, श्वास धरून.

आत भांड्यांचा आवाज झाला. चुलीपाशी कधी न गेलेले डॉक्टर दोन्ही हातांत ट्रे धरून बाहेर आले. निम्मा चहा बशांत सांडलेला होता. आमच्याकडं न बघता ते म्हणाले, "चला... चहा."