केव्हिनचे अठ्ठेचाळीस सेकंद

हे मी मंदारलाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही सांगितलं, मग तुम्हाला कशाला सांगतेय? कारण तो म्हणाला असता, "जाऊ दे गं, खेळच तर होता." आणि मला नेमकं तेच ऐकायचं नाहीये. जाऊ देण्यासारखं असतं तर तेरा-चौदा वर्षं घशात अडकून बसलं असतं का?

तेव्हा आम्ही डब्लिनला सँडीफोर्डच्या एका फ्लॅटमध्ये राहत होतो. मंदीची वर्षं होती. मंदारचं ऑफिस चालत दहा मिनिटांवर, आणि मी — डिपेंडंट. काय शब्द आहे बघा! कऱ्हाडात बँकेत नोकरी केलेली बाई मी, आणि इथे माझ्या कार्डावर लिहिलेलं की हिला काम करायची परवानगी नाही. चार वर्षं मी घरातली कपाटं, इथल्या भाषेत प्रेस, आवरत होते. इतकी आवरली की शेवटी आवरायला काही उरेना, मग मीच ती विस्कटायची. हसू नका, खरंच सांगतेय.

अशात मंदारच्या मॅनेजरने विचारलं की सिटीवेस्टजवळच्या हॉलमध्ये लॅक्रॉसची स्पर्धा आहे, सात-आठ देशांचे संघ येणारेत, गुण आणि वेळ नोंदवायला टेबलाशी बसणारी माणसं हवीत, फुकट काम आहे, जमेल का? मी मंदारच्या आधी हो म्हटलं. लॅक्रॉस म्हणजे काय हे मला कुठे ठाऊक होतं! काठीच्या टोकाला जाळी, जाळीत रबरी चेंडू, एका बाजूला पाच आणि गोलकीपर, आणि चारी बाजूंनी फळ्या ठोकलेल्या मैदानात नुसती आदळआपट. पण टेबल म्हटल्यावर मला काय शिकवणार? माझे बाबा कबड्डीचं मंडळ चालवायचे. चौदाव्या वर्षापासून मी गुणपत्रक लिहिलंय. कोण बाद झाला, कोण बसला, कोणाला उठवायचं, सगळं माझ्या बोटांवर. त्यांनी नियमांची पुस्तिका दिली ती मी लुआसमध्ये, इकडच्या ट्राममध्ये, चाळली. चाळली. वाचली नाही. आणि विचारलं तेव्हा सांगितलं, सगळं समजलं.

माझं काम अगदी साधं होतं. खेळाडूने दांडगाई केली की त्याला दोन मिनिटं टेबलाशेजारच्या खोक्यात बसवतात. खोक्याला कमरेएवढं दार, दाराला कडी. माझ्या हातात स्टॉपवॉच. दोन मिनिटं झाली की दार उघडायचं. टेबलाचा प्रमुख ब्रेंडन, निवृत्त शाळामास्तर, सगळ्यांना सांगत सुटला होता की ही बाई घड्याळापेक्षा बरी आहे. निळं जॅकेट मिळालं होतं मला, छातीवर 'ऑफिशियल' लिहिलेलं. ते घालून मी घरात आरशासमोर उभी राहिले होते — हेही आज पहिल्यांदाच सांगतेय.

शनिवारी सेमीफायनल होती. आयर्लंड आणि मध्य युरोपातला एक संघ. आमच्या इथल्या मराठी मंडळाची चार कुटुंबं डबे घेऊन मला बघायला आली होती. खेळ बघायला नव्हे हं, मला! शेवटची चार मिनिटं उरली होती, आयर्लंड एका गोलने मागे, आणि केव्हिन माझ्या खोक्यात येऊन बसला. छत्तीस वर्षांचा, पश्चिमेकडच्या एनिस गावचा, डोकं जरा गरम म्हणून प्रसिद्ध. ही त्याची शेवटची स्पर्धा होती. दुसऱ्या दिवशी कसंही करून एक सामना मिळणारच होता, फायनल नाही तर तिसऱ्या क्रमांकाचा, आणि त्यासाठी त्याची आई एनिसहून येणार होती. आजारी होती ती. पुन्हा असा प्रवास तिला जमणार नव्हता. हे त्यानेच मला आदल्या दिवशी याच खोक्यात बसून सांगितलं होतं.

केव्हिन आत असताना, एक गडी कमी असताना, आयर्लंडने गोल केला. बरोबरी! हॉल नुसता दणाणला. आणि माझ्या डोक्यात — कसं सांगू? — कऱ्हाडचं मैदान उभं राहिलं. कबड्डीत आपण समोरचा गडी मारला की आपला बसलेला गडी उठतो. जिवंत होतो. लॅक्रॉसमध्ये नेमकं उलटं आहे. समोरच्यांनी गोल केला तरच बसलेला वेळेआधी सुटतो. आपल्यांनी केला तर तो बसूनच राहतो. पुस्तिकेत चौथ्या पानावर आहे. नंतर मी ते पान किती वेळा वाचलं म्हणून सांगू!

मी कडी काढली. दार उघडलं. "गो, गो!" म्हणाले.

तो उठला नाही लगेच. माझ्याकडे बघितलं त्याने. पंधरा वर्षं खेळलेला माणूस, त्याला नियम ठाऊक होता. "आर यू शुअर?" असं विचारलंन. आणि मी, पुस्तिका न वाचलेली बया, हात हलवून म्हणाले, "येस, येस, गो!" टेबल सांगतंय म्हटल्यावर तो गेला. खेळ सुरू झाल्यावर काही क्षणांतच त्याने गोल मारला.

समोरचा कोच बोंबलत आला. रेफरी टेबलापाशी. ब्रेंडनने कागद बघितला, माझं स्टॉपवॉच बघितलं. खोक्यातून सुटला तेव्हा अठ्ठेचाळीस सेकंद शिल्लक होते. ब्रेंडन त्या वेळी खाली मान घालून आधीचा गोल लिहीत होता, त्याला काही दिसलं नव्हतं. रेफरीने विचारलं, याला कोणी सोडलं?

 माझ्या तोंडातून बाहेर पडलं — "त्यानेच उघडलं."

केव्हिन चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.  म्हणाला, तिने सांगितलं मला. मी मान हलवली. नाही.

गोल रद्द. केव्हिन मैदानाबाहेर. पुढे आयर्लंड एका गोलने हरलं.

इथवर भीती होती, असं म्हणता येईल. पण संध्याकाळी तीन जणांची समिती बसली. मला चहा दिला, बिस्किटं दिली. दोन तास मिळाले होते मला, शांतपणे विचार करायला. मंदारच्या नोकरीचं काय होईल म्हणून मी गप्प राहिले, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. साफ खोटं! त्याच्या नोकरीला काहीही होणार नव्हतं. मला ते जॅकेट काढायचं नव्हतं. चार कुटुंबांसमोर तर मुळीच नाही. आणि मला कळत होतं की ही माणसं माझ्यावरच विश्वास ठेवणार. हळू आवाजात बोलणारी, टिकली लावलेली परदेशी बाई कशाला खोटं बोलेल? मी आवाज आणखी हळू केला. मुद्दाम. म्हणाले, त्याची चूक मुद्दाम नसेल, घाईत झालं असेल. वर हा शहाणपणा! कागदावर सही केली. त्यांनी केव्हिनला विचारलं, तुला नियम ठाऊक होता ना? तो हो म्हणाला. मग बाहेर आलास कसा? तिने सांगितलं म्हणून, एवढंच तो पुन्हा म्हणाला. एका सामन्याची बंदी घातली.

रविवारी तो साध्या शर्टात प्रेक्षकांत बसला होता, आईच्या शेजारी. ती एवढीशी म्हातारी. मैदानात कोणी पळालं की विचारायची, आणि तो वाकून तिला सांगायचा. मी खोक्यापाशी बसून होते, पाच-सहा वेळा दार उघडलं, सगळं वेळेवर. ब्रेंडनने पाठ थोपटली.

सामना संपल्यावर तो माझ्याकडे येताना दिसला. आता बोलेल, चारचौघांत बोलेल, आणि मग मी सांगून टाकीन — देवाशप्पथ, असं वाटलं होतं मला. त्याने माझा हात हातात घेतला. म्हणाला, काल हॉलमध्ये एवढा गोंधळ होता, रात्रभर विचार केला, तू नुसताच हात हलवला असशील आणि मी घाईत भलतंच समजलो. तुझं नाव उगाच मध्ये ओढलं. सॉरी. आईनेच पाठवलंय मला, म्हणाली त्या बाईची माफी मागून ये.

"यू आर ग्रँड," म्हणजे तिकडच्या भाषेत 'काही हरकत नाही', मी म्हणाले. हसून म्हणाले. मी त्याला माफ केलं.