पत्र्यावरचा ठसा

सत्तर सालच्या आसपास आमचे हे नाशिकबाहेर लढाऊ विमानांच्या कारखान्यात पॉलिशच्या कामावर होते. तेव्हा त्या विमानांना रंग नसायचा, नुसता पत्रा, आणि तो आरशासारखा लखलखायला हवा. तिथल्या चिंध्यांनी ओरखडे उठतात म्हणून हे माझी धुऊन मऊ झालेली सुती पातळं न्यायचे. मला विचारायची पद्धत नव्हती. घरात मात्र यांनी कधी पेला विसळला नाही.

एकदा कामगारांच्या बायकामुलांना विमान बघायला बोलावलं. मी कौतुकाने हात पुढे केला, तर हे सगळ्यांदेखत म्हणाले, "हात लावू नकोस, डाग पडतात." पाठोपाठ मोठ्या साहेबांच्या मिसेसनी फोटोसाठी त्याच पत्र्यावर अख्खा तळवा टेकला. यांनी हसत हसत खिशातून फडकं काढलं आणि ठसा पुसला. फडक्याला माझ्या हिरव्या पातळाचा काठ होता.

दुसऱ्या दिवशी मी जुनी पातळं होती नव्हती तेवढी बोहारणीला देऊन पातेलं घेतलं. आठवड्याने यांनी फडकं मागितलं.

म्हटलं, "आता साहेबांच्या मिसेसचं पातळ मागा. डाग त्यांनी पाडला ना."