जुईची पायरी

पाच वर्षांची माझी जुई आज तुमच्या-माझ्यासारखी एकेका पायरीवर एकेकच पाऊल टाकत जिना चढत होती. एरवी ती दोन्ही पाय एका पायरीवर आणते, मगच पुढची पायरी. मला आनंद व्हायला हवा होता. मला संशय आला.

तिला नेमकं काय झालंय, हे आजवर कुणालाच सांगता आलेलं नाही. रिपोर्ट सगळे नॉर्मल, आणि पोरीची अडखळती चाल तर समोर दिसतेच आहे. तिचं हे सुरू झाल्यापासून माझा कशावरच विश्वास बसत नाही. डॉक्टरांच्या ‘बघू या’वर नाही, तिच्या शांत झोपेवर नाही, चांगल्या दिवसावर तर मुळीच नाही. औषध तेच, चपला त्याच, मग हे आलं कुठून? मी खाली उभी राहून तिच्या घोट्यांकडे टक लावून पाहत राहिले.

“अगं, कौतुक कर की पोरीचं,” शेजारच्या काकू दारातून म्हणाल्या.

जुईने वळून माझा चेहरा पाहिला. मग स्वतःच्या पायांकडे पाहिलं, अगदी मी पाहते तसं. आणि कठडा घट्ट धरून तिने मागचा पाय हळूच पुढच्या पायाशेजारी आणून ठेवला.