लाल असताना मी ‘झालं’ म्हणाले

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तशी मी काही घुमी बाई नाही — उल्हासनगरात वीस वर्षं दुकानात बसलेय, मराठी-हिंदी-सिंधी तिन्हीत भांडू शकते. पण ही गोष्ट ओठावर आली की जीभच उचलत नाही. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून कदाचित जमेल. बघू.

आधी आमचं काम सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या दुकानात गाड्यांचं अलाइनमेंट होतं. चाकं सरळ रेषेत आहेत की आत-बाहेर वळलीत, हे मशीनवर बघायचं आणि नीट करायचं. चाकांना सेन्सर लावले की माझ्यासमोरच्या स्क्रीनवर आकडे येतात. चुकलेला आकडा लाल, जुळला की हिरवा. गाडीखाली खड्डा असतो, त्यात फिटर उभा राहून पान्याने रॉड फिरवतो. त्याला स्क्रीन दिसत नाही. त्याला फक्त माझा आवाज — अजून थोडं, अजून, बस. मी ‘झालं’ म्हटलं की तो नट आवळतो. सगळं काम त्या एका शब्दावर चालतं.

खड्ड्यात विलास असायचा. आता तो माझा नवरा आहे. सासूबाईंसमोर मी त्याला ‘अहो’ म्हणते, पण इथे विलासच म्हणणार, कारण मी सांगतेय तो खड्ड्यातला विलास. तो वेगळा होता हो. काय सांगू!

त्याचा हात बघायला लोक यायचे. टायरवर तळवा ठेवायचा आणि आतून बाहेर, बाहेरून आत असा फिरवायचा. जाताना मऊ आणि येताना टोचलं, की चाक कुठे वळलंय ते तो गाडी मशीनवर चढायच्या आधीच सांगायचा. आणि मशीन नंतर तेच सांगायचं! साईं — आमचे सिंधी मालक, त्यांना सगळे साईंच म्हणतात — ते गिऱ्हाइकाला म्हणायचे, “मशीन तो मैंने शौक के लिए रखा है.” मशीन यायच्या आधी विलास दोरी लावून चाकं जुळवायचा. गाडीच्या दोन्ही बाजूंना दोरी ताणायची आणि फुटपट्टीने अंतर मोजायचं. मशीन आल्यावरही त्याने ती सवय सोडली नाही. काम झालं की खिशातून दोरी काढायची, एकदा ताणून बघायची. मी चिडवायचे त्याला — तुझ्या आजीची आहे का रे ती?

मी तेव्हा तेवीस वर्षांची. बदलापूर गावातून रोज यायचे. आणि त्याच्यावर जीव जडला होता, आता काय लपवायचं? त्याला मात्र पत्ता नव्हता. खड्ड्यातून त्याचं “बोल” ऐकायला मी कान लावून बसायचे. बोल. एवढंच म्हणायचा, आकडे विचारायला. तो एक शब्द मी घरी घेऊन जायचे.

मग ती लाल गाडी आली.

अंबरनाथचा एक शौकीन माणूस होता, वडिलांचा कारखाना, याला वेगाचं वेड. दोन दारांची, जमिनीला टेकेल अशी स्पोर्ट्स कार. आमच्या रॅम्पवर चढवायला खाली फळ्या टाकाव्या लागल्या, नाहीतर पुढचा ओठच घासला असता. ही गाडी घेऊन तो दक्षिणेत रेसच्या ट्रॅकवर जायचा. तिथे त्याची आणि त्याच्या मित्रांची मिळून एक टीम होती. विलासच्या हाताबद्दल त्याने ऐकलं होतं. म्हणाला, मागची नवी टायरं टाकलीत, गाडीची चाकं जुळवून दे. ट्रॅकवरून आल्यावर टायरं एकसारखी झिजलेली दिसली, तर तुला टीममध्ये घेतो. तिकडेच राहायचं, तिकडेच काम.

तुम्ही विलासचा चेहरा बघायला हवा होतात. आनंदनगरच्या कारखान्यात याचे वडील आयुष्यभर पाळ्या करत राहिलेले, आणि याला कुणीतरी रेसच्या गाड्यांना हात लावायला बोलावतंय! आठवडाभर तो दुसरं काही बोललाच नाही. ट्रॅक असा असतो, टायरं अशी तापतात, तिकडची माणसं गाडी उभी राहायच्या आत चाक बदलतात. मी ऐकत होते. वाट बघत होते की मध्येच कुठेतरी म्हणेल — आणि तू? तुझं काय, सुजाता?

म्हणालाच नाही. एकदाही नाही.

राग आला होता का मला? आला होता. पण रागाच्या भरात केलं असं म्हणाले तर ते खोटं होईल. मी शांत होते. त्या सकाळी केस नीट विंचरून, डबा घेऊन कामावर गेले होते. खड्डा रिकामा होईल, उद्या दुसराच कुणीतरी “बोलो मॅडम” म्हणेल, एवढंच डोक्यात फिरत होतं.

स्पोर्ट्स कारची मागची चाकंही जुळवावी लागतात. आणि मागची चाकं बाहेर वळलेली राहिली, तर वेगात गाडीची शेपूट हलते. हे मला माहीत होतं. फार वेगात असली तर गाडी गिरकी घेऊ शकते, हेही माहीत होतं. आत एक माणूस बसलेला असतो. त्याचा जीव जाऊ शकतो — माहीत होतं हो, सगळं माहीत होतं!

पुढची चाकं हिरवी झाली. मागचं उजवं हिरवं झालं. मागचं डावं राहिलं. विलास खालून म्हणाला, “बोल.” मी म्हणाले, थोडं अजून. अजून थोडं. आकडा उतरत होता, पण लाल होता. बराच लाल होता. तो म्हणाला, “झालं?”

मी म्हणाले, “झालं.”

त्याने नट आवळला. तो आवळल्याचा आवाज मला ऐकू आला.

इथेच थांबले असते, तर निदान चूक झाली असं म्हणता आलं असतं. पण रिपोर्टचा कागद काढायचा होता ना? मी उठले, मागच्या चाकाशी वाकले आणि सेन्सर चाकाला धरून ठेवणारा क्लॅम्प रिमवरून केसभर सैल केला. आकडा सरकला. हिरवा झाला. कागद छापून घेतला आणि क्लॅम्प पुन्हा बसवला. तेवढ्यात विलास वर आला, घाम पुसत, आणि सवयीने खिशात हात घालून त्याने दोरी काढली.

मी काय म्हणाले सांगू? मी हसून म्हणाले, “कागद हिरवा आहे ना? दोरी कशाला? माझ्यावर विश्वास नाही का रे?”

तो लाजला. खरंच लाजला, आणि दोरी गुंडाळून खिशात ठेवली. नव्या टायरवर तळव्याला काही कळत नाही, टायर झिजलं की मगच ते बोलतं. आणि असल्या गाड्या मालक दुसऱ्याला चालवून बघूही देत नाहीत. म्हणजे चूक पकडायला ती दोरी तेवढी राहिली होती. तीही मीच ठेवायला लावली.

तीन आठवड्यांनी तो माणूस परत आला. जिवंत आला, एवढं देवाने राखलं. ट्रॅकवर गाडी दोनदा फिरली होती. त्याने मागचं डावं टायर विलासच्या पायाशी टाकलं. बाहेरची कड नवीकोरी, नव्या टायरवर असतात ते रबराचे केससुद्धा शाबूत. आतली कड रबराखालच्या तारांपर्यंत झिजलेली. विलास खाली बसला आणि नेहमीसारखा तळवा फिरवला. तार घुसली हातात, रक्त आलं. तो माणूस फार काही बोलला नाही, एवढंच म्हणाला की तुझ्या हाताचं मी उगाच ऐकलं. साईंनी मला रिपोर्ट विचारला. मी हिरवा कागद पुढे केला. मग मशीन बरोबर, मी बरोबर, आणि उरला कोण? नट नीट आवळला नसेल, सैल राहून सरकला असेल, असं विलास स्वतःच म्हणाला. माझ्यासमोर म्हणाला. मी त्याच्या हाताला फडकं बांधत होते.

त्यानंतर त्याने टायरला हात लावणं सोडलं. दोन महिन्यांत काम सोडलं. आनंदनगरला पॅकिंगमध्ये लागला, वडिलांसारखाच पाळ्यांवर. मी भेटत राहिले, समजूत घालत राहिले. पुढच्या वर्षी आमचं लग्न झालं. मला जे हवं होतं ते मिळालं, बरोबर ना?

लग्नानंतर एकदा सहज म्हणाला, तिकडे जम बसला की पहिल्या सुट्टीत येऊन तुझ्या बाबांना विचारणार होतो. आधी बोललो नाही, म्हटलं नोकरी पक्की होऊ दे. मी भाजी निवडत होते. निवडतच राहिले.

बदलापुरातच, मांजर्लीत आमचं घर आहे. चांगला नवरा आहे तो, कुणालाही विचारा. नदीचं पाणी घरात शिरलं तेव्हा आधी सासूबाईंना वर नेलं आणि मग मशीनचे आकडे लिहायची माझी जुनी वही डोक्यावर धरून नेली. लोकांना सांगतो, माझ्याकडून एवढी मोठी चूक झाली तरी हिने मला सोडलं नाही. पाहुण्यांसमोर सांगतो! मी चहा आणायला आत जाते. अठरा वर्षं झाली, आणि मला अजून त्या खड्ड्यातल्या माणसाची आठवण येते. तो शेजारीच झोपलेला असतो, आणि मला त्याची आठवण येते. हे कुणाला सांगायचं?

गेल्या रविवारी आमचा फिटर गावी लग्नाला गेला होता. आमच्या जुन्या छोट्या गाडीचं पुढचं टायर आतून झिजायला लागलं होतं. मी विलासला म्हटलं, चल, तूच उतर खाली. वाटलं नव्हतं ऐकेल. बराच वेळ काठावर उभा राहिला, मग पँट दुमडून उतरला. पान्याचा आवाज आला, आणि मग खालून —

“बोल.”

मला स्क्रीन दिसेना. डोळे पुसले आणि बोलले. एकेक आकडा खरा सांगितला. अजून थोडं, अजून थोडं, मागे घे, बस. हिरवं झालं तेव्हाच झालं म्हटलं. तो वर आला. काळे झालेले हात पुढे धरून म्हणाला, “तेव्हाही मी असंच केलं होतं गं. काय चुकलं असेल?”

विचारलं त्याने. सरळ विचारलं. दुकानात आम्ही दोघंच होतो.

“काय माहीत,” मी म्हणाले.

मग त्याने हाताला साबण लावला, आणि मी मगने त्याच्या हातांवर पाणी घातलं.