न खेळलेला नावाडी
परवा केबिन रोडवर एका दुकानात कवड्या खुळखुळल्या आणि मला शाळेतला माझा दोस्त आठवला. गोडदेव गावात त्याच्या घराच्या ओट्यावर आम्ही पोरं कवड्यांवर एक खेळ खेळायचो. प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं, राक्षसाशी लढायचं, राक्षसाचं बोलणं माझ्याकडे, आणि जगला की मेला ते कवड्या ठरवणार. पहिलं सोंग मेल्याशिवाय दुसरं मिळायचं नाही. ह्याचं सोंग राजाचं, आणि तो राजा काही केल्या मरेना. "मर ना बाबा एकदाचा, माझा आंधळा नावाडी कधीचा तयार बसलाय," असं तो राजालाच सांगायचा. मग त्याला कावीळ झाली, डोळे हळदीसारखे पिवळे. आम्ही त्याच्या खाटेशीच डाव मांडला. मी राक्षसाला गणिताच्या सरांसारखं नाकातून बोलायला लावलं, तो पोट धरून हसला. मी म्हटलं, "चल, राजाला मारून टाकू, तू नावाडी घे." "चीटिंग नको रे, कवड्या टाक." टाकल्या, राजा परत वाचला. "बघू उद्या," तो म्हणाला. त्याच आठवड्यात तो गेला. राजा आमच्या नियमानं जिवंतच होता, पण त्याच्या नावानं कवड्या टाकायला कोणाचा हात उठेना, आणि खेळ तिथंच बंद पडला. आता मी लग्नात, ऑफिसात कोणाचाही आवाज काढून लोकांना हसवतो. तो नावाडी कसा बोलायचा, ते तेवढं विचारायचं राहून गेलं.