जिना नसलेलं दीपगृह

लाकडाची दीपगृहं करते असं सांगितलं की लोक कौतुकानं बघतात. पूर्वी मला ते आवडायचं. आता मी लगेच विषय बदलते.

गोव्यात, सर्वणला आमच्या घरामागच्या पडवीत लेथ आहे. लाकूड कातून त्यावर रंगीत लाख चढवायचं काम मी सावंतवाडीकडच्या मामांकडून शिकले. लाटणी आणि खेळण्यांतल्या उतरंडी करता करता कुणीतरी किनाऱ्यावरच्या एका जुन्या दीपगृहाचा फोटो आणून दिला आणि मी त्याच धंद्याला लागले. तेरेखोलला येणारे पर्यटक ती हौसेनं नेतात. फोटो समोर ठेवून कातायचं, वरचा कठडा वेगळा करून चिकटवायचा, इवल्या खिडक्या कोरायच्या. आत काय आहे ते कुणी विचारत नाही, कारण आत लाकूडच असतं.

शेजारच्या काकांनी विचारलं. ते मूळचे सिंधुदुर्गातले, सगळी नोकरी तिकडच्या एका दीपगृहावर दिवा सांभाळण्यात गेली. निवृत्तीनंतर लेकीकडे सर्वणला आले आणि गुडघे असे गेले, की आमच्या पडवीच्या तीन पायऱ्या चढायलाही त्यांना कुणाचा तरी हात लागे. एक दिवस ते आपल्या दीपगृहाचा पिवळा पडलेला फोटो घेऊन आले. मी मापं ठरवत होते, तेवढ्यात म्हणाले,

"बाय, भितर जिनो घालशीत मा?"

मी हसले. म्हटलं, काका, सगळं बंदच असणार, तो दिसणार कुठं?

"दिसाक नको. पण आसाक व्हयो."

मग त्यांनी सांगितलं, की दिवा सगळ्यांनी बघितला, गावानं बघितला, होडीवाल्यांनी बघितला. तो गोल जिना मात्र रोज चढून उतरून त्यांनीच ओळखला होता. आता चढणं संपलं, पण तो आत आहे एवढं ठाऊक असलं की पुरे. मी हो म्हटलं.

जिना घालायचा म्हणजे ओंडका उभा चिरायचा, दोन्ही फाकी आतून पोखरायच्या, नखाएवढ्या पायऱ्या एकेक चिकटवायच्या आणि सांधा दिसणार नाही अशा बेतानं जोडून वर लाख चढवायची. दसरा तोंडावर आलेला, दुकानांच्या ऑर्डरी अंगावर. मी दोन पायऱ्या तासल्या, तिसरी तुटली आणि माझं डोकं फिरलं. कोण बघायला जाणार आहे? फणसाचा अखंड ओंडका लेथवर चढवला आणि संध्याकाळपर्यंत दीपगृह तयार. बाहेरून बघाल तर माझं आजवरचं सगळ्यांत देखणं काम. काकांच्या हातात देताना मी आपण होऊनच म्हटलं, जिना घातलाय बरं का, अगदी गोल. खोटं बोलणाऱ्या माणसाला गप्प बसवत नाही, हे मला तेव्हा कळलं.

काकांनी ते दोन्ही हातांत घेतलं, जरा वेळ तसंच धरलं. मग छान झालंय म्हणाले.

दसऱ्याला त्यांच्याकडे बोलावणं होतं. त्या दिवशी जो तो आपापली हत्यारं पुजतो. माझ्या लेथलाही कुंकू लागतं. काकांनी पाटावर नोकरीतली तेलाची पितळी झारी आणि एक गंजलेला पाना मांडला होता, आणि मधोमध माझं दीपगृह. त्यांची लेक पाहुण्यांना सांगत होती, आत खराखुरा जिना आहे, हिनं केलाय. सगळे माझ्याकडे बघत होते. काका म्हणाले, केलंस तू, तर पहिलं फूल तूच वाह. आणि फूल पुढं करून ते क्षणभर थांबले.

मी गोंड्याचं फूल वाहिलं. हात जोडले. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं झालं होतं.

पाहुणे पांगल्यावर मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. तेच हळू म्हणाले,

"जड लागता गे, बाय. भितर जिनो आसतो तर इतक्या जड लागला नसता."

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. मी डोळे पुसत म्हटलं, दुसरं करून देते, दिवाळीच्या आत. त्यांनी मान हलवली.

"पूजा झाली. आता ह्याच."

पुजलेली वस्तू आमच्याकडे कुणी बदलून घेत नाही. फूल वाहण्याआधी मी बोलले असते, तर बदलता आली असती. फूल पुढं करून ते कशासाठी थांबले होते, ते मला तिथं बसल्यावर समजलं.

तरी मी दुसरं केलंच. पोकळ, गोल जिन्याचं. ते काकांनी घेतलं नाही. आमच्या कपाटात आहे.

या वर्षीच्या दसऱ्याला सगळ्यांसमोर खरं सांगायचं असं ठरवून मी गेले. लेकीच्या नव्या जावयानं विचारलंच, आत खरंच जिना आहे का? लेकीनं माझ्याकडे बघितलं. मी घसा साफ केला. तेवढ्यात काका म्हणाले,

"आसा. हिणा घातल्यान."

मी ताटातलं फूल उचललं आणि वाहिलं.