रस्सा तिचा, ताट आमचं

१९५१ सालच्या कार्तिक पौर्णिमेला, सकाळी, आमच्या मोठीमायवर अन्याय झाला. तो कोणी केला तेही सांगते: आमच्या आज्याने, आणि उभं राहून बघणाऱ्या आम्ही सगळ्यांनी. आज्याला महिनाभर ताप येत होता. बरा झालो तर घरात तुळशीची माळ येईल आणि मासोळी सुटेल, असा त्याने नवस केला. बरा झाला. मग म्हणाला, "मले चार लोकायत उठा-बसा लागते, कचेरीतले पाहुणे येतेत. माळ मोठीच्या गळ्यात घाला. घर तं एकच आहे."

मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, वय तिशीचं. ताप त्याचा, नवस त्याचा, माळ हिची. तिला कोणी विचारलं नाही.

आता पुढचं ऐका. गोंदियाजवळच्या गोरेगावच्या बाजूला आमचं गाव, आणि त्या गावात मोठीमायसारखा मासोळीचा रस्सा दुसऱ्या कोणाला जमत नव्हता. पाहुणे त्याच रश्श्यासाठी यायचे. मग आज्याने निवाडा दिला: "शिजवाले काय हरकत आहे? हात नाई बाटत, जीभ बाटते." आमच्याकडे मासोळीची हंडी घरातल्या चुलीवर चढत नाही. गोठ्यामागे तिची वेगळी चूल, वेगळी हंडी, वेगळी पळी. तिथे मोठीमायला बसवलं. तेव्हापासून ती रस्सा करते आहे आणि त्याचा एक थेंब तिच्या जिभेवर गेलेला नाही.

न चाखता कसा करते, ते मी शंभरदा पाहिलंय. खेकड्यांचे पाय पाट्यावर ठेचायचे, पाण्यात कालवून फडक्यातून गाळायचे. रश्श्याला पाणी तेच. जवसाच्या तेलात वाटलेला कांदा, लसूण, मिरची. दाटपणाला लाखोरी डाळीचं भाजलेलं पीठ, आंबटाला चिंच. मग मरळीचे जाड तुकडे आणि सगळ्यात शेवटी झिंगे. झिंगे कधी टाकायचे, ते तिला कानाने कळायचं. "आधी हंडी बडबड करते, मंग गुरगुरते. गुरगुरली का टाकाचे," ती म्हणायची. आणि मीठ? पळीतला थेंब ती मनगटाच्या मागच्या बाजूवर टाकायची, वाळू द्यायची, आणि कातडी किती ओढली जाते त्यावरून ठरवायची. सात वर्षांत मी एकदाही रस्सा खारट खाल्लेला नाही. तिच्या मनगटावर मात्र कायमचे डाग पडलेत.

नाक तिचं असं, की मासोळी आणणाऱ्या रुकमाची टोपली दारात यायच्या आत ती ओरडायची, "काऊन व रुकमे, कालचा माल आज आणली? या मासोळीचे डोये पाह्य, माझ्यावून म्हातारी दिसून राहिली!" रुकमाही ऐकणारी नव्हती. "तुले कायले पाहिजे एवढी चौकशी? तुले कुठं खाची आहे!" दोघीही हसायच्या. मोठीमायचं हसू आधी थांबायचं.

एकदा ती माहेरी केशोरीला गेली. आठ दिवस म्हणून गेली, तिसऱ्या दिवशी परत आली. भावजयीने सगळ्यांना मासोळी वाढली आणि हिच्यापुढे वरण ठेवलं. "माळ आहे ना बाई तुमची, आमाले पाप नोको." मोठीमाय मला म्हणाली, "दोन गावं, दोन घरं. गळा एकच, कुठं ठेवू?" इकडे सासरी गाय आटली, धानावर कीड पडली, कोणाचं पोरगं खोकलं, की सगळे आधी तिचा गळा बघायचे. मण्यांची संख्या बरोबर आहे ना!

मी गोंदियाला शिकायला गेले. सभांना जायला लागले, पत्रकं लिहायला लागले, बायकांच्या हक्कांवर तावातावाने बोलायला लागले. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते, रात्रभर दंडारीचे खेळ होतात आणि घरोघर पाहुणे उतरतात. गेल्या वर्षी मंडईच्या दिवशी पाहुण्यांची पंगत बसली, रस्सा वाढला गेला, आणि मी सगळ्यांसमोर उभी राहून म्हणाले, "जिनं शिजवलं ती आधी जेवेल. मग तुम्ही."

मला वाटलं, आजा भडकेल. आजा हसला. "कोण अडवून राहिला तिले? काऊन व मोठे, मी अडवलो का तुले?"

"नाई मामाजी."

"मंग बस. खाय. वाढा व तिले."

मधोमध पाट मांडला. ताट आलं. पंधरा माणसांचे हात थांबले. एक पाहुणा म्हणाला, "खाऊ द्या, पाहू तं कशी खाते!" पंगतीत खसखस पिकली. मोठीमायने भात कालवला, घास उचलला, हनुवटीपर्यंत नेला. तिच्या घशाची हालचाल मला दिसत होती. मग तिने घास ताटात परत ठेवला. "मी काय मंडईतली दंडार आहो, सारे पाहाले बसले!" असं म्हणाली, हात धुतला, आणि पाहुण्यांना रस्सा वाढायला लागली.

मी चिडले, आणि लाज वाटते सांगायला, तिच्यावरच चिडले. गोठ्यामागे गाठून विचारलं, "काऊन नाई खाल्लं? परवानगी मिळाली होती ना!"

ती राख सारत होती. "त्यायनं परवानगी देली, तुनं भाषण देलं. जेवाले कोणं देलं व?" मी म्हटलं, माळ तोडते, आत्ता. "तोडशील. आन् बसशील गोंदियाच्या मोटारीत. मी इथंच राहीन ना बाई, याच चुलीपाशी."

पौषात आजा गेला. गाव काय म्हणालं? घास उचलला होता तिनं. न खाल्लेल्या घासाचंही पाप तिच्याच माथी. आणि आता माळ निघणार कधीच नाही, कारण मेलेल्या माणसाचा शब्द कोण मोडणार! पाहुणे अजून येतात. हंडी अजून चढते.

या वेळी निघताना मी विचारलं, "तुझ्याबद्दल लिहू का?" म्हणाली, "लिव्ह. पण लोकायले रडवू नोको, काम सांग."

तर काम सांगते. तुमच्या घरीही अशी एखादी बाई आहे, जी तुमच्यासाठी शिजवते आणि जिला ते खायची मनाई आहे. नाही म्हणू नका, चुलीपाशी जाऊन पाहा. तिला परवानगी देऊ नका, तिच्यावर भाषण करू नका. आज तुमच्या आधी तिचं ताट वाढा, ती बसली असेल तिथे नेऊन ठेवा, आणि पाठ फिरवून निघून जा. ती खाते की नाही, हे वळून पाहू नका.